तुमची लहान बहीण असती तं?

बावीस वर्षांची पहिलटकरीण, बारावा आठवडा संपत आलेला. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला, स्वतःला आजार नाही. तसा एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या मशीनवरचा, रिपोर्ट फाइलला लावलेला. सोबत नवरा आणि सासू. नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं दोन वर्षांपूर्वीच्या सिकलसेल तपासणी शिबिरातलं कार्ड होतं आणि त्यावर निळ्या शाईत ‘निगेटिव्ह’.

विदर्भातल्या एका शासकीय रुग्णालयातली ही गोष्ट आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पण हे प्रकरण त्या कुटुंबाइतकंच त्या दिवशी टेबलाच्या अलीकडे बसलेल्या मुलीचं आहे, आणि थोडं माझंही. ती एम.एस्सी. जेनेटिक काउन्सेलिंगच्या, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांशी बोलून त्यांना समजावण्याच्या अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला होती. पुण्याची. आमच्याकडे आठ आठवड्यांच्या पोस्टिंगला आलेली. तोवर माझ्या शेजारी बसून तिने अकरा सत्रांच्या नोंदी घेतल्या होत्या, चार सत्रांत निम्मं काम स्वतः केलं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचं असं हे पहिलंच सत्र. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असं आमचं ठरलेलं.

बंद होऊ घातलेली फाइल

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात ती फाइल बंद झालेली होती. आई वाहक, बाप निगेटिव्ह. मूल फार तर वाहक निघेल, आजारी नाही. पंधरा मिनिटांचं काम, बाहेर बाकावर नऊ जण. विद्यार्थिनीने मात्र कोरा कागद काढला आणि वंशावळ काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वाहकाचा अर्धा भाग काळा. शिकवल्याप्रमाणे तीन पिढ्या. सासूबाई जांभया देत होत्या.

नवऱ्याच्या बहिणीपाशी आल्यावर तिने विचारलं, तिला मुलं किती? एक, सात वर्षांचा. तब्येत कशी असते?

“त्याले रक्त कमी राहते.”

“कमी म्हणजे? गोळ्या चालू आहेत का?”

“गोळ्यायनं नाही होत. महिन्याच्या महिन्याले चढवा लागते न.”

तिचं पेन थांबलं. माझीही पाठ ताठ झाली.

महिन्याला रक्त लागणारं सात वर्षांचं मूल म्हणजे बहुधा थॅलेसेमिया मेजर, शरीरात हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याचा आनुवंशिक आजार. म्हणजे त्याची आई, या नवऱ्याची सख्खी बहीण, बीटा थॅलेसेमियाची वाहक. आणि भाऊही वाहक असण्याची शक्यता निम्मी. शिबिरातली चाचणी याबद्दल एक शब्द बोलत नाही. तिथे रक्ताचा थेंब डायथायोनाइटच्या द्रावणात टाकतात. सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाचं द्रावण पाण्यासारखं स्वच्छ राहतं. कार्ड खोटं नव्हतंच. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि आम्ही उत्तर मात्र सगळ्या प्रश्नांचं धरून चाललो होतो.

नवऱ्याचं एचपीएलसी त्याच दिवशी पाठवलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला: हिमोग्लोबिनचा ए२ हा प्रकार ५.४ टक्के, तांबड्या पेशी लहान, हिमोग्लोबिन मात्र १२ च्या वर. ए२ साडेतीनच्या पुढे गेलं की वाहकाचा संशय येतो. इथे संशयाला जागाच नव्हती. आई सिकलची वाहक, बाप बीटा थॅलेसेमियाचा. दर गर्भारपणात चारात एक शक्यता की बाळाला एकाकडून हे आणि दुसऱ्याकडून ते मिळेल. त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात. नवऱ्याचा डीएनए तपासल्यावर निघालेला बदल भारतात सर्वांत जास्त आढळणारा, आयव्हीएस १-५. त्यात चांगलं हिमोग्लोबिन इतकं थोडं तयार होतं की आजार बहुतेकदा पक्क्या सिकलसेलसारखाच वागतो.

मी एकटी असते तर बहिणीच्या मुलाबद्दल विचारलं असतं का? बहुतेक. या ‘बहुतेक’ची त्या संध्याकाळी मला लाज वाटली. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं; १७ राज्यांत, चाळिशीच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरलं. काम मोठं आहे आणि गरजेचं आहे. पण तपासणी जितकी वाढेल तितकी खिशात जपलेली कार्डंही वाढतील, आणि कार्डावर काय लिहिलेलं नाही हे सांगणारं माणूस समोर लागेल. असे विद्यार्थी तयार करायचे ते त्यासाठीच.

वंशावळीबद्दल एक आठवण. याच मुलीने पहिल्या आठवड्यात एका जोडप्याला विचारलं होतं, “तुमचं लग्न नात्यातलं आहे का?” दोघांनीही ठाम नाही म्हटलं. वीस मिनिटांनी कळलं की बायको नवऱ्याच्या मामाची मुलगी. “ते कुठं नात्यातलं मॅडम, मामाची पोरगी तं हक्काची असते.” तेव्हापासून आम्ही नातं विचारत नाही, लग्नाआधी एकमेकांना काय म्हणून हाक मारायचा, ते विचारतो.

चार चिठ्ठ्या

दुसरं सत्र तेराव्या आठवड्यात. विद्यार्थिनी तयारीनिशी आली होती. स्टीलच्या दोन वाट्या, एकीत आईच्या दोन चिठ्ठ्या, दुसरीत बापाच्या दोन. एकेक उचलायची, जोडी लावायची. चार प्रकारच्या जोड्या: एक निर्दोष, एक सिकलची वाहक, एक थॅलेसेमियाची वाहक, एक आजारी. समजावणं चोख होतं. सासूबाईंनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हणजे पयले तीन चांगले होतीन. चौथं होऊच द्याचं नाही.”

हा समज इतक्या वेळा समोर येतो की माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी गप्प बसले. विद्यार्थिनी क्षणभर गांगरली, मग तिने उचललेल्या चिठ्ठ्या परत वाटीत टाकल्या, वाट्या हलवल्या आणि त्यांच्यासमोर धरल्या. “आई, आता तुम्ही उचला.” त्यांनी उचलली. पुन्हा टाकली, पुन्हा उचलली. तिसऱ्या खेपेला आजारी जोडी निघाली, पाचव्या खेपेला पुन्हा तीच. सासूबाईंनी वाट्या दूर सारल्या. त्यांना समजलं होतं.

मग पुढचं. वारेचा नमुना घेऊन तपासणी अकरा ते चौदा आठवड्यांत होते, तो दिवस जवळ आला होता. तो गेला तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलाची. सुईमुळे गर्भ पडण्याचा धोका दोनशेत एकाहून कमी. रिपोर्टमध्ये आजार दिसला तर पुढे काय, थांबवायचं की ठेवायचं, आणि ठेवलं तर उपचार कोणते. सगळं बरोबर, सगळं क्रमाने. बायको तोवर सहा वाक्यं बोलली असेल. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं आणि विचारलं:

“मॅडम, तुमची लहान बहीण असती, तं तिले काय सांगतलं असतं?”

विद्यार्थिनीने सरळ बसून उत्तर दिलं, “ताई, तो निर्णय पूर्णपणे तुमचा आहे. मी तुम्हाला काय करा ते सांगू शकत नाही.”

वाक्य पुस्तकात जसं असतं तसंच होतं. खोलीत शांतता पसरली. बायको म्हणाली, “बरं.” सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “चाल वं. यायलेच माहीत नाही तं आपल्याले काय समजन.” नवऱ्याने फाइल उचलली, विचार करून येतो म्हणाला. दार आमच्याकडे नीट लागत नाही. ते लोक जाताना फटीतून दिसत राहिले.

वाक्याचा प्रवास

त्या मुलीला रागावणं सोपं होतं. पण तिची वही मी पाहिलेली होती. पहिल्याच आठवड्याच्या पानावर, दोन रेघा मारून: ‘सल्ला देऊ नये. निर्णय त्यांचा.’ शब्द माझे होते.

हे वाक्य आलं कुठून, तेही सांगायला हवं, कारण ते उगाच आलेलं नाही. ‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हा शब्द शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये रूढ केला, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या डाइट इन्स्टिट्यूटमध्ये. ज्या चार्ल्स डाइट यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून ती संस्था उभी राहिली, ते ‘सुप्रजननाचे’ कट्टर प्रचारक होते. १९२५ मध्ये मिनेसोटात नसबंदीचा कायदा झाला त्यामागे त्यांची खटपट होती. कोणी जन्माला यावं हे सरकारने आणि डॉक्टरांनी ठरवायचं, या विचाराने विसाव्या शतकात काय काय केलं ते जगाने पाहिलं. त्याच घरात बसून रीड म्हणाले की आपण माहिती द्यावी, ठरवावं कुटुंबाने. पुढे १९६९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात मेलिसा रिक्टर यांनी या विषयाचा जगातला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्या काळात मानसशास्त्रात कार्ल रॉजर्स यांचा प्रभाव होता: समोरच्याला दिशा दाखवू नका, त्याचं ऐका. या दोन धारा मिळून आमच्या व्यवसायाचा पहिला नियम झाला. आपल्याकडे तर तो आणखी जपायला हवा. गर्भलिंग पाहून मुली पाडणारा समाज आहे आपला.

पण दोन धारांपैकी दुसरीतला ‘ऐका’ वाटेत गळाला आणि ‘सांगू नका’ तेवढं पोचलं. परीक्षेत विचारायला तेच सोपं.

काही सहकारी याच्या उलट टोकाला आहेत. आपल्या लोकांना सांगितलेलंच आवडतं, खेड्यातल्या बाईला पर्याय देणं म्हणजे तिचा छळ, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. सांगितलेलं आवडतं म्हणणारे सगळे सांगणारेच आहेत, एवढं मी पाहिलंय.

डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला मन

दुसऱ्या दिवशी मी तिला सत्राची शब्दशः नोंद लिहायला लावली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे कोण काय बोललं, उजवीकडे त्या क्षणी स्वतःच्या मनात काय चाललं होतं. या मुली हुशार असतात. डावी बाजू झटक्यात भरतात आणि उजव्या बाजूला ‘सहानुभूती वाटली’ असलं काहीतरी लिहून ठेवतात. मी पान परत केलं. दुसऱ्यांदा परत केलं. तिसऱ्यांदा ‘निर्णय तुमचा’च्या समोर तिने लिहिलं होतं: ‘मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की चाचणी करून घ्या. तो सात वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर येत होता. भीती वाटली की ते माझ्या तोंडून निघेल. म्हणून पटकन ते वाक्य बोलले.’

म्हणजे तटस्थपणा वगैरे काही नव्हतं. ते वाक्य तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं वापरलं होतं. हे एकदा कागदावर आलं की अर्धं शिकवणं संपतं. अशा क्षणी शिक्षकाने फार बोलू नये, पण मी बोलले, आणि बरंच बोलले. तेही तिने पुढच्या नोंदीत लिहिलं.

मग सराव. रुग्णाची भूमिका करायला मी वॉर्डातल्या एका सिस्टरना बोलावलं. भंडाऱ्याच्या, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या. विद्यार्थी विद्यार्थ्यांसमोर भूमिका करतात तेव्हा दोघांनाही उत्तर ठाऊक असतं, त्यामुळे तो खेळ होतो. सिस्टर आल्या, स्टुलावर बसल्या, पदर बोटाला गुंडाळला आणि तोच प्रश्न विचारला. विद्यार्थिनीने पहिल्यांदा लांबलचक खुलासा केला. दुसऱ्यांदा म्हणाली, “मला तुमची अडचण समजते.” सिस्टरनी भूमिका सोडली.

“मॅडम, ते तुमाले उत्तर नाही मांगून राहिली. ते पाहून राहिली, तुमी तिच्या बाजूनं हाव का नाही.”

पंधरा वर्षांत मी हे इतक्या नेमक्या शब्दांत कुणाला सांगू शकले नव्हते.

तिसऱ्या प्रयत्नात ती मुलगी काहीच बोलली नाही. खुर्ची टेबलाच्या बाजूला घेतली आणि थांबली. सिस्टर म्हणाल्या, “आता जमलं. आता हे पोरगी बोलन.”

तिसरं सत्र

ते परत येतील याची खात्री नव्हती. सोळावा आठवडा लागला तेव्हा आले. वारेच्या तपासणीची वेळ टळली होती, गर्भजलाची होती. सासूबाईंना विद्यार्थिनीने अदबीने सांगितलं की पहिली दहा मिनिटं दोघांशीच बोलायचं आहे. त्या बाहेर बसल्या खऱ्या, पण मी आत जात असताना मला बाजूला घेऊन विचारलंच, “त्या पाण्यात पोरगं का पोरगी तेबी दिसत असन न?” दिसत असेल तरी सांगत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. असा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा १९९४ चा. त्याच कायद्याने ‘जेनेटिक काउन्सेलिंग सेंटर’ हा शब्द आपल्याकडे आणला, काउन्सेलर पुरेसे घडायच्या कितीतरी आधी.

आत बायकोने प्रश्न पुन्हा विचारला नाही. तो विद्यार्थिनीनेच काढला.

“ताई, मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, लहान बहीण असती तर. मी नीट उत्तर दिलं नाही. बहीण असती तर मी आधी तिला विचारलं असतं, हे कळल्यापासून तुला झोप लागते का?”

बायको रडली नाही. मला वाटलं होतं, रडेल. ती सलग अकरा मिनिटं बोलली. नणदेच्या मुलाला ती स्वतः मांडीवर घेऊन रक्त चढवायला बसलेली. सुई लावताना तो कसा तिच्याकडे बघतो, आणि घरी येताना एसटीत खिडकीशी बसायला कसा भांडतो. त्याला पाहून नवरा म्हणतो, असं लेकरू नको. त्याच मुलाला पाहून तिला वाटतं, असं लेकरू असलं तरी आपलं आहे. “रिपोर्ट खराब आला तं मी पाडणार नाही. मंग सुई काहून टोचून घेऊ?” हे ती घरात कुणाला बोलली नव्हती. नवऱ्यानेही पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचा अर्धा तास नवऱ्याचा होता. त्याची भीती पैशाची होती, रजेची, बहिणीच्या संसाराची झालेली दशा पाहिल्याची. विद्यार्थिनीने त्याला मध्येच तोडलं नाही आणि बायकोची बाजूही घेतली नाही. कायदा साध्या शब्दांत सांगितला: वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही बाबतींत चोवीसपर्यंत दोघांचं; आणि सज्ञान बाईच्या बाबतीत संमती तिचीच लागते, नवऱ्याची नाही. गर्भजलाच्या तपासणीलाही मराठीतल्या फॉर्मवर तिचीच सही. म्हणजे ठरवायला अजून थोडा अवकाश आहे, मात्र तो संपणारा आहे. नवरा बराच वेळ वंशावळीच्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तिले नसन पायजे तं नाही.”

त्यांनी तपासणी केली नाही.

जिना उतरताना विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, मी हरले.” तिला मनातून अजूनही चाचणी व्हावी असंच वाटत होतं, आणि ते तिने आता लपवलं नाही. मी म्हटलं, काम संपलेलं नाही, फॉलो-अप लिही. संध्याकाळपर्यंत तिने तो लिहिला: प्रसूतीच्या वेळी बाळाच्या रक्ताचा नमुना, डीएनए तपासणीसह, कारण जन्मतः गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि नुसत्या एचपीएलसीवर चित्र धूसर राहू शकतं. आजार निघाला तर दुसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन, न्यूमोकॉकलची लस, ताप आला की लगेच दवाखाना, पोटात डावीकडे प्लीहा वाढली का ते आईने हाताने कसं तपासायचं, आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध. ते बायकोच्या हातात मराठीत, मोठ्या अक्षरांत. पहिल्या मसुद्यात ‘प्लीहा’ होती. सिस्टरनी खोडून ‘पानथरी’ केलं.

लॉगबुकात शेवटचा रकाना असतो, निष्पत्ती. तिथे तिने लिहिलं, ‘जोडप्याने चाचणी नाकारली.’ मी सही न करता पेन तिच्याकडे सरकवलं. तिने वाचलं, ‘नाकारली’ खोडून ‘न करण्याचं ठरवलं’ असं लिहिलं, आणि मग ‘जोडप्याने’ हा शब्दही खोडून ‘तिने, नवऱ्याशी बोलून’ केलं. दुसरी दुरुस्ती मला सुचली नव्हती.

पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाई पुन्हा आल्या, सुनेशिवाय. सोबत धाकटा मुलगा, विशीतला, अवघडलेला. त्याची सोयरीक ठरत होती. खिशातून त्याने शिबिराचं कार्ड काढलं, तसंच प्लॅस्टिकमधलं, तसंच निगेटिव्ह. सासूबाईंनी ते त्याच्या हातातून घेतलं, टेबलावर उलटं ठेवलं आणि विद्यार्थिनीला म्हणाल्या, “हे राहू द्या. याचं त्या मोठ्या मशीनवर पाहा. अन् होणाऱ्या सुनेचं कसं विचाराचं, ते बी सांगा.”

तिने कोरा कागद काढला.